शत्रू नसताना युद्धशास्त्र: सुन त्झूचं पुस्तक आणि आपलं रोजचं जगणं



आपल्या या मालेत आज आपण चीनकडे वळतोय, आणि त्याला कारण तुम्ही आहात. गेल्या काही आठवड्यांत तुमचे जे प्रश्न आले, त्यांत एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत पुनःपुन्हा आला. सुन त्झूचं युद्धशास्त्र, म्हणजे आपण ज्याला ‘द आर्ट ऑफ वॉर’ म्हणून ओळखतो, ते रोजच्या आयुष्यात कसं वापरायचं? एकाला ऑफिसातल्या राजकारणात टिकायचंय. एका बाईंच्या किराणा दुकानासमोर मोठं दुकान आलंय. एकाने तर सरळच लिहिलंय, सर, घरात भाऊबंदकी चालू आहे, या पुस्तकातून काही मार्ग निघतो का?

प्रश्न खरे आहेत, पोटतिडिकीचे आहेत. म्हणून उत्तरही आडवळणाने देत नाही. या पुस्तकाचे ‘जीवनातले उपयोग’ म्हणून जे सांगितले जातात, त्यांतले बहुतेक मूळ पुस्तकालाच मान्य होणार नाहीत. आणि पुस्तकाला जे मान्य आहे, त्यातलं काही आपण मान्य करता कामा नये. आजचं व्याख्यान म्हणजे या दोन वाक्यांचा विस्तार आहे. एवढं करून हातात काय उरतं, ते शेवटी बघू. आणि उरतं बरंच, हेही आधीच सांगून ठेवतो.

पुस्तक कुणासाठी आहे?

कोणताही ग्रंथ वाचताना पहिला प्रश्न हा विचारावा, की हा कुणाशी बोलतोय? गीता अर्जुनाशी बोलते. सुन त्झू कुणाशी बोलतो?

पुस्तक अगदी छोटं आहे. १३ प्रकरणं, सुमारे ६,००० चिनी अक्षरं. परंपरा सांगते की सुन वू नावाचा छी राज्यातला माणूस वू राज्याच्या हलू राजाकडे गेला आणि त्याचा सेनापती झाला. ‘त्झू’ ही नावापुढे लावायची आदराची उपाधी, आपण ‘आचार्य’ लावतो तशी. ही हकिकत सिमा छ्येन या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे, पण तो हलू राजाच्या सुमारे ४०० वर्षांनंतरचा. ‘त्सो च्वान’ नावाच्या जुन्या इतिहासग्रंथात वू राज्याच्या लढायांची सविस्तर माहिती आहे, आणि त्यात सुन वूचं नावही नाही. त्यामुळे हा माणूस खरोखर होऊन गेला की नाही, यावर अभ्यासकांत वाद आहे. १९७२ साली शांडोंग प्रांतात यिनच्युएशान इथे हान काळातल्या थडग्यांत बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेली या ग्रंथाची जुनी प्रत सापडली. त्यामुळे ग्रंथ प्राचीन आहे हे पक्कं झालं. लेखकाचं कोडं मात्र तसंच राहिलं.

लेखक कुणीही असो, श्रोता कोण आहे याबद्दल शंका नाही. श्रोता आहे राजा, आणि राजाने नेमलेला सेनापती. पुस्तकाच्या तोंडालाच सांगितलंय की युद्ध ही राज्याची मोठी बाब आहे, जगण्या-मरण्याचा प्रश्न आहे, म्हणून ते नीट तपासलं पाहिजे. बघा हं, पहिलं आवाहन लढण्याचं नाही, तपासण्याचं आहे.

आणि तपासायचं म्हणजे काय? दुसरं प्रकरण उघडा. तिथे शौर्याचं नावसुद्धा नाही, तिथे जमाखर्च आहे. एक लाखाचं सैन्य, हजार ‘ली’ दूरवर पोचवायचं धान्य, रथ, चिलखतं, रथांच्या दुरुस्तीला लागणारा डिंक आणि लाखसुद्धा. दिवसाला हजार सुवर्णमुद्रा खर्च. शेवटच्या, म्हणजे तेराव्या प्रकरणात तर तो म्हणतो की अशी मोहीम निघाली की सात लाख कुटुंबांची शेतीची कामं खोळंबतात. सैन्य एक लाखाचं आणि कुटुंबं सात लाख, हे कसं? त्साव त्साव या तिसऱ्या शतकातल्या सेनानीने या ग्रंथावर भाष्य लिहिलंय, त्यात उलगडा आहे. आठ घरांचा एक गट धरायचा. एका घरातला माणूस सैन्यात जायचा आणि उरलेली सात घरं त्याचा भार उचलायची.

म्हणजे हा लेखक युद्धाकडे बघतो, तेव्हा त्याला घोडा आणि तलवार यांच्या मागे सात लाख न नांगरलेली शेतं दिसतात. हे एक चित्र आज लक्षात ठेवा. बाकीचं विसरलात तरी चालेल.

ते आपल्या हातात कसं आलं?

युरोपात हा ग्रंथ पहिल्यांदा गेला १७७२ साली. पेकिंगमध्ये राहणाऱ्या आमियो या जेझुइट पाद्र्याने केलेलं फ्रेंच भाषांतर पॅरिसला छापलं गेलं. इंग्रजीत १९०५ साली कॅल्थ्रॉप या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचं भाषांतर टोकियोत निघालं. १९१० साली ब्रिटिश म्युझियममधल्या लायोनेल जाइल्सचं आलं. १९६३ साली अमेरिकन मरीन दलाचे निवृत्त ब्रिगेडियर जनरल सॅम्युएल ग्रिफिथ यांचं आलं. म्हणजे पाद्री, सैनिक आणि ग्रंथालयातला विद्वान, अशा हातांतून हा ग्रंथ फिरला.

मग तो शेअरबाजारात शिरला. १९८७ सालचा ‘वॉल स्ट्रीट’ हा हॉलिवुडचा चित्रपट तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्यातला गॉर्डन गेको हा बडा सटोडिया हाताखाली आलेल्या तरुणाला सुन त्झू वाचायला सांगतो. लोकांना एवढंच आठवतं. चित्रपटाच्या शेवटी काय होतं? त्याच तरुणाने अंगावर ध्वनिमुद्रण यंत्र लपवलेलं असतं आणि गेकोचं बोलणं त्याच्याविरुद्धचा पुरावा होऊन बसतं. बाहेरच्यांना फसवायचं शास्त्र ज्याला शिकवलं, त्याने आतून फसवलं. या गोष्टीकडे आपण थोड्या वेळाने परत येऊ.

आता तर हे पुस्तक रेल्वे स्टेशनवरच्या स्टॉलपासून मोबाइलवरच्या दोन मिनिटांच्या व्हिडिओपर्यंत सगळीकडे आहे. विक्रीसाठी सुन त्झू, मुलाखतीसाठी सुन त्झू, संसारासाठीसुद्धा सुन त्झू! तेरा प्रकरणांतली दहा वाक्यं उचलायची आणि ‘शत्रू’ या शब्दाच्या जागी आपल्याला हवं ते नाव घालायचं, अशी ही युक्ती आहे.

शंभर विजयांची गोष्ट

या दहा वाक्यांतलं सगळ्यांत लाडकं वाक्य तिसऱ्या प्रकरणातलं. स्वतःला आणि शत्रूला ओळखणारा शंभर लढाया जिंकेल, अशा रूपात ते आपल्याकडे फिरतं. मूळ चिनीत तिथे ‘जिंकणं’ हा शब्द नाही. तिथला शब्द आहे ‘दाय’, म्हणजे धोका, संकट. दोघांनाही ओळखणारा माणूस शंभर लढायांत धोक्यात सापडणार नाही, एवढंच तो म्हणतो.

तुम्ही म्हणाल, सर, फरक तो किती? फरक फार आहे. विजयाची हमी देणं वेगळं आणि नाशापासून बचावाची वाट दाखवणं वेगळं. एकात हाव आहे, दुसऱ्यात सावधपणा आहे. आणि गंमत अशी, की शंभरपैकी शंभर लढाया जिंकणं हा शब्दप्रयोगही त्याच प्रकरणात आहे. कशासाठी आलाय? हे काही सर्वश्रेष्ठ कौशल्य नव्हे, हे सांगण्यासाठी! न लढता समोरच्याला नमवणं हे त्याहून वरचं. त्याची क्रमवारीच आहे. सर्वांत उत्तम म्हणजे शत्रूचा बेत हाणून पाडणं, मग त्याच्या मैत्रीच्या जुळण्या तोडणं, मग त्याच्या सैन्याशी लढणं, आणि सर्वांत वाईट म्हणजे तटबंदीच्या शहराला वेढा घालणं.

म्हणजे ज्या वाक्यावर हे ‘विजयशास्त्र’ उभं केलंय, ते वाक्य विजयाबद्दल नाहीच. सोळा आण्यांतले आठ आणे इथेच खोटे निघाले.

आत कोण, बाहेर कोण?

आता मुख्य मुद्द्याकडे येतो.

पहिल्याच प्रकरणात सुन त्झू म्हणतो की युद्ध हा कपटाचा मार्ग आहे. सामर्थ्य असताना नसल्यासारखं दाखवायचं, जवळ असताना दूर आहोत असं भासवायचं. हे सगळ्यांना माहीत असतं. पण याच्या किंचित आधी काय आहे, ते सहसा कुणी सांगत नाही. युद्धाआधी तपासायच्या पाच गोष्टी त्याने सांगितल्या आहेत, आणि त्यांतली पहिली आहे ‘ताओ’. इथे ताओ म्हणजे राजा आणि प्रजा यांचं एकमन असणं. इतकं, की लोक त्याच्याबरोबर जगायला आणि मरायला तयार असतात. त्याच यादीत सेनापतीचे पाच गुण आहेत: शहाणपण, विश्वासार्हता, माणुसकी, धैर्य आणि शिस्त. विश्वासार्हता दुसऱ्या क्रमांकावर आहे.

आता जरा विचार करा. जो माणूस कपटाला युद्धाचा मार्ग म्हणतो, तोच विश्वासार्हतेला सेनापतीचा गुण म्हणतो. यात विसंगती आहे का? त्याच्या चौकटीत नाही. कारण त्याच्या चौकटीत एक रेघ आहे. रेघेच्या आत आपले लोक, तिथे विश्वास. रेघेच्या बाहेर शत्रू, तिथे कपट. राज्यांच्या युद्धात ही रेघ डोळ्यांना दिसते. सीमा असते, निशाण असतं, गणवेश असतो.

आपल्या रोजच्या आयुष्यात ही रेघ कुठे आहे? शेजारच्या टेबलावरचा सहकारी आत की बाहेर? आज बढतीसाठी तो स्पर्धक आहे, उद्या त्याच्याच सहीशिवाय तुमची फाइल हलत नाही. गिऱ्हाईक आत की बाहेर? सासू, सून, भाऊ, जाऊ? सुन त्झूचं शास्त्र जगण्याला लावायचं म्हणजे आधी ही रेघ ओढावी लागते. आणि एकदा ओढायची सवय लागली, की ती रोज थोडी थोडी आत सरकत येते. शेवटी रेघेच्या आत आपण एकटे उरतो. सेनापती आहे, सैन्य नाही, अशी अवस्था.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. नाव-गाव सांगत नाही. बुद्धिमान मुलगा, आता पन्नाशीला आलाय. वडिलोपार्जित शेतीच्या बांधावरून थोरल्या भावाशी वाद झाला. याने हेच पुस्तक वाचलेलं. त्याने काय केलं? दोन वर्षं भावाशी गोड बोलत राहिला. दिवाळीला जाऊन जेवून आला. आणि मागच्या बाजूने मोजणीचे नकाशे, जुने फेरफार, सातबाराचे उतारे, सगळं गोळा करत गेला. भावाला पत्ता लागला तो थेट कोर्टाची नोटीस आल्यावर. केस हा जिंकला. बांध सरकला, काही गुंठे मिळाले. मला मोठ्या अभिमानाने सांगत होता, सर, अगदी पुस्तकातल्यासारखं झालं.

मी त्याला विचारलं, विहीर कुणाची? म्हणाला, विहीर सामाईक आहे. पाण्याची पाळी असते, तीन दिवस त्याचे, तीन दिवस माझे. मोटार जळली तर खर्च निम्मा निम्मा.

आता बघा. कागदपत्रं गोळा करण्यात काही गैर नाही, हक्कासाठी कोर्टात जाण्यातही नाही. गैर आहे ती दोन वर्षांची दिवाळी. कारण शत्रूला फसवल्यावर सेनापती आपल्या राज्यात परत जातो. याला कुठे जायचं होतं? त्याच विहिरीवर. तिथे आता भावाने खरोखर प्रेमाने चहाला बोलावलं, तरी याला शंका येणार, आणि याने बोलावलं तरी त्याला येणार. यात काही गुंठे मिळाले, पण नांगराविना पडलेली शेतं या हिशेबात कुणी धरली नाहीत.

पुस्तकाचा स्वतःचा दोष

इथपर्यंत मी पुस्तकाची बाजू घेत होतो. आता त्याच्यावर टीका करतो.

अकराव्या प्रकरणात एक फार सुंदर दाखला आहे. वू आणि यूए ही शेजारी राज्यं, एकमेकांची हाडवैरी. पण या दोन राज्यांतली माणसं एकाच नावेत बसली आणि वादळ सुटलं, तर डाव्या-उजव्या हातासारखी एकमेकांच्या मदतीला येतील, असं तो म्हणतो. ऐकायला छान वाटतं ना? पण हा दाखला तिथे कशासाठी आलाय ते पाहा. सेनापतीने आपल्या सैनिकांना मुद्दाम अशा ठिकाणी नेऊन सोडावं, जिथून मागे वाट नाही. मग ती जिवाच्या आकांताने लढतील. माणूस उंचावर चढला की खालची शिडी काढून घ्यावी, तसं. बेत त्यांना कळू देऊ नये. मेंढरांच्या कळपासारखं इकडे हाकावं, तिकडे हाकावं, आपण कुठे चाललोय हे त्यांना समजू नये.

हे शत्रूबद्दल नाही, मित्रहो. हे आपल्याच माणसांबद्दल आहे. तेराव्या प्रकरणात हेरांचे पाच प्रकार आहेत, त्यांत एक ‘मृत हेर’. म्हणजे आपलाच माणूस, ज्याला खोटी माहिती देऊन पाठवायचं, ती त्याने शत्रूला खरी म्हणून सांगायची, आणि फसवणूक उघड झाली की मारलं जायचं. म्हणजे विश्वासाची जी रेघ पहिल्या प्रकरणात ओढली, ती शेवटच्या प्रकरणांत स्वतः सुन त्झूनेच पुसली. चित्रपटातला तो गेको आठवला का? आत आणि बाहेर यांत फरक करायचा नाही असं ठरवलं, की आतल्यांनाही तो फरक करावासा वाटत नाही.

आणि आजच्या कचेऱ्यांत नेमका हाच भाग सर्वांत जास्त वापरात आहे. वादळ नसताना वादळाची हवा करायची. ‘या तिमाहीत झालं नाही तर कुणाचंच खरं नाही’ असं दर तिमाहीला सांगायचं. शिडी काढून घ्यायची आणि त्याला प्रेरणा म्हणायचं. तुमच्या घरातली तरुण मुलं रात्री अकराला जेवतात आणि जेवताना फोन उलटा ठेवत नाहीत, त्याचं मूळ अशा शहाणपणात आहे.

ही टीका मी आजच्या काळाच्या चष्म्यातून करतोय असं समजू नका. चीनमध्येच, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात, श्युन त्झू या कन्फ्यूशियन विचारवंताने ती केली आहे. चाओ राज्याच्या राजापुढे लिनवू नावाच्या सरदाराशी त्याचा वाद झाल्याचं त्याच्या ग्रंथात आहे. सरदार सुन त्झूच्या बाजूने डावपेच आणि कपट यांचं महत्त्व सांगतो. श्युन त्झूचं म्हणणं असं, की कपट फक्त अशा राज्यावर चालतं जिथे राजा आणि प्रजा यांच्यात आधीच फट पडलेली आहे. जिथे ती एकमेकांना धरून आहेत, तिथे डावपेच म्हणजे दगडावर अंडं फेकणं. म्हणजे सामर्थ्याचं मूळ विश्वासात आहे आणि डावपेच हे वरवरचं काम आहे.

फसवणुकीची किंमत

आता काही जण मनात म्हणत असतील, सर, पण महाराजांचा गनिमी कावा? बरोबर प्रश्न आहे. पण तिथे रेघ स्पष्ट होती. मोठी परकी फौज चालून आलेली, आपलं बळ थोडं, आणि रक्षण करायची रयत. ते खरं युद्ध होतं. त्याचा दाखला देऊन कुणी चुलतभावाच्या गोठ्यावर कब्जा करत असेल, तर तो ना गनिमी कावा आहे ना सुन त्झू. त्याला मराठीत वेगळा शब्द आहे, तो तुम्हाला माहीत आहे.

आणि खऱ्या युद्धातसुद्धा आपल्या परंपरेने कपटाची नोंद खर्चाच्या बाजूला केली आहे. द्रोणपर्वात युधिष्ठिर अश्वत्थाम्याबद्दल ते अर्धसत्य बोलतो. त्याचा रथ त्याआधी जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, तो त्या क्षणी खाली टेकतो. युद्ध जिंकायला ते बोलणं कदाचित आवश्यक होतं. महाभारत ते नाकारत नाही. पण रथ खाली आला हे लिहून ठेवतं. सुन त्झूच्या जमाखर्चात डिंक आणि लाख आहे, फसवणाऱ्याचं काय होतं याचा रकाना नाही. तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून या ग्रंथावरचा माझा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे.

कांटने १७९५ साली शाश्वत शांततेवर निबंध लिहिला. त्यात एक अट अशी, की युद्ध चालू असतानाही अशी कृत्यं करू नयेत ज्यांमुळे पुढे शांतता झाल्यावर एकमेकांवर विश्वास ठेवणंच अशक्य होईल. बारकाईने पाहा, कांट युद्धाच्या मध्यावर उभा राहून युद्धानंतरच्या दिवसाचा विचार करतोय.

हे नुसतं पुस्तकी नाही. २ मार्च १९३० रोजी गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विनला पत्र पाठवलं. आपण मिठाचा कायदा मोडणार हे आधी कळवलं. पत्र घेऊन गेला तोही रेजिनाल्ड रेनॉल्ड्स नावाचा तरुण इंग्रज. १२ मार्चला दांडीयात्रा निघाली. सुन त्झूच्या दृष्टीने हा वेडेपणाच, शत्रूला आपला बेत आधी कोण सांगतं? पण एका वर्षाने, ५ मार्च १९३१ रोजी, त्याच आयर्विनशी करार झाला. त्या करारावर टीका करायला जागा आहे, त्या वेळीही झाली. माझा मुद्दा वेगळा आहे. ज्याच्याबरोबर उद्या एका टेबलावर बसायचंय, त्याच्याशी झगडण्याची रीत वेगळी असते, आणि तीही रीत लढाऊच असते.

मग हातात काय उरतं?

सुरुवातीच्या तीन प्रश्नांकडे येतो.

दुकानवाल्या ताई, समोरचं दुकान हा तुमचा शत्रू नाही. युद्धात दोनच पक्ष असतात. बाजारात तिसरा असतो, गिऱ्हाईक, आणि निकाल तो देतो. समोरच्याची फजिती करून गिऱ्हाईक तुमच्याकडे येत नाही. सुन त्झूच्या चौथ्या प्रकरणात एक गोष्ट तुमच्या कामाची आहे: आपण अजिंक्य राहणं आपल्या हातात असतं, समोरचा कधी चुकेल ते त्याच्या हातात. तुमचं वजन चोख, उधारीची वही स्वच्छ, महिन्याचा माल वेळेवर. हे तुमच्या हातात आहे.

ऑफिसात टिकू पाहणाऱ्या मित्राला सांगेन, माहिती ठेवा, भोळे राहू नका. पण ज्या चार माणसांबरोबर तुम्हाला अजून वीस वर्षं काम करायचंय, त्यांना मेंढरं समजू नका, आणि कुणी तुम्हाला समजत असेल तर ते ओळखा. अकरावं प्रकरण त्यासाठी वाचा, म्हणजे शिडी कधी काढली जातेय ते वेळेत दिसेल.

आणि भाऊबंदकीच्या प्रश्नाला माझं उत्तर असं. दुसरं प्रकरण आणि बारावं प्रकरण, एवढीच दोन वाचा. दुसऱ्यात खर्च मांडायला शिकवलंय. कोर्टाच्या खेपा, वकिलाची फी, आईची झोप, मुलांनी काका गमावणं, सगळं कागदावर लिहा. आपल्या कौटिल्यानेही हेच सांगितलंय: संधी आणि विग्रह यांतून सारखाच लाभ होणार असेल तर संधी करावी, कारण विग्रहात माणसांची हानी आहे, खर्च आहे, घरापासून दूर राहणं आहे. मूळ ग्रंथ पाहायचा असेल तर प्रा. र. पं. कंगले यांनी संपादित केलेलं ‘अर्थशास्त्र’ मुंबई विद्यापीठाने १९६० ते १९६५ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध केलंय. बाराव्या प्रकरणात सुन त्झू राजाला बजावतो की रागाच्या भरात सैन्य उभारू नकोस. राग ओसरून पुन्हा आनंद होऊ शकतो, पण नष्ट झालेलं राज्य परत येत नाही आणि मेलेला माणूस उठत नाही. एवढं वाचूनही हक्कासाठी लढावंच लागलं, तर जरूर लढा. पण भावाला आधी सांगून लढा.

खरा शत्रू आपल्या आयुष्यात येतच नाही का? येतो की. माझ्या वयाच्या मंडळींनी हे नीट ऐका. फोन वाजतो, पलीकडचा स्वतःला पोलिस अधिकारी म्हणवतो, तुमच्या नावाने गुन्हा आहे म्हणतो, फोन ठेवू देत नाही, घरच्यांना सांगू देत नाही. हा माणूस रेघेच्या बाहेरचा आहे. त्याला उद्या तुमच्या विहिरीवर यायचं नाही. आणि तो जे करतो ते सगळं या पुस्तकात आहे: घाई, भीती, खोटं रूप, आपल्या माणसांपासून तोडणं. सहावं प्रकरण सांगतं की कुशल सेनापती शत्रूला आपल्या जागी यायला लावतो, स्वतः त्याच्या जागी ओढला जात नाही. इथे तुमचं युद्धकौशल्य एकच, फोन ठेवणं आणि मुलीला किंवा शेजाऱ्याला हाक मारणं. इथे खुशाल सुन त्झू व्हा.

थांबण्याआधी एक इतिहासाची गोष्ट सांगतो. ज्या वू राज्यासाठी हे पुस्तक लिहिलं गेलं असं परंपरा मानते, त्या राज्याचं पुढे काय झालं? इ. स. पू. ५०६ मध्ये वूच्या सैन्याने बलाढ्य छू राज्याची राजधानी जिंकली. मोठा विजय. इ. स. पू. ४९६ मध्ये हलू राजा यूएशी लढताना जखमी होऊन मेला. त्याच्या मुलाने यूएला हरवून सूड घेतला. मग हरलेल्या यूएच्या राजाने सुमारे वीस वर्षं मान खाली घालून वाट पाहिली, आणि इ. स. पू. ४७३ मध्ये वू राज्य नकाशावरून पुसून टाकलं. नावेतले ते दोन शेजारी हेच, वू आणि यूए. युद्ध जिंकायचं उत्तम शास्त्र घरात होतं असं म्हणतात, पण शेजाऱ्याबरोबर राहायचं शास्त्र कुणाकडेच नव्हतं.

पुढच्या वेळी आपण श्युन त्झूचा तो वाद सविस्तर घेऊ. तोवर दुसरं आणि बारावं प्रकरण वाचून ठेवा. प्रत्येकी दोन-तीन पानांचंच आहे. आणि प्रश्न पाठवताना यापुढे एक करा: ‘समोरच्याला कसं हरवू’ असं लिहिण्याआधी, तो माणूस पुढच्या वर्षी तुमच्या आयुष्यात असणार आहे की नाही, तेही लिहा. उत्तर द्यायला मला सोपं जाईल.